पत्ता चुकलेली भावना

१९३७ साली अब्राहम ब्रेडियस ८२ वर्षांचे होते. जुन्या डच चित्रांच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एखादं चित्र खुद्द गुरूच्या हातचं की शिष्याच्या, याचा निवाडा करून घ्यायला लोक त्यांच्या दाराशी येत. त्या वर्षी त्यांच्यासमोर एक मोठं चित्र आलं. एमाउस गावात टेबलाशी बसलेला येशू, समोर भाकरी, दोन शिष्य, एक सेविका आणि सही व्हर्मीर या सतराव्या शतकातल्या थोर डच चित्रकाराची. ब्रेडियस हरखून गेले. हे व्हर्मीरचं आणखी एक चित्र एवढंच नव्हे, तर ही त्याची सर्वश्रेष्ठ कृती आहे, असं त्यांनी एका प्रतिष्ठित कलामासिकात लिहून टाकलं. लवकरच रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयासाठी ते चित्र सुमारे ५ लाख २० हजार गिल्डर मोजून घेतलं गेलं. त्या काळी ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती.

चित्र व्हर्मीरचं नव्हतं. हान व्हान मेगेरेन नावाच्या, टीकाकारांनी फारसं न विचारलेल्या एका चित्रकाराने ते काढलं होतं. सतराव्या शतकातलं एक चित्र त्याने खरवडून काढलं, त्याच जुन्या कॅनव्हासवर नवं चित्र रंगवलं, रंगात बेकेलाइट या जुन्या प्लास्टिकच्या जातीचं रसायन मिसळलं आणि सगळं भट्टीत भाजलं. त्यामुळे रंग तीनशे वर्षांचा असल्यासारखा कडक झाला. १९४५ मध्ये त्याला अटक झाली ती मात्र वेगळ्याच आरोपावरून. राष्ट्राचा ठेवा असलेलं एक व्हर्मीर त्याने नाझी नेता गोरिंगला विकलं, असा तो आरोप होता. शत्रूला मदत केल्याचा डाग टळावा म्हणून त्याने सांगून टाकलं, की ते चित्र माझंच आहे आणि एमाउसचंही माझंच. त्याच्यावर सहजासहजी कुणी विश्वास ठेवेना. शेवटी त्याने पहाऱ्यात, साक्षीदारांसमोर आणखी एक ‘व्हर्मीर’ रंगवून दाखवलं. १९४७ मध्ये त्याला एका वर्षाची कैद झाली आणि ती भोगायच्या आतच, ३० डिसेंबरला, तो वारला.

आता जरा थांबून त्या कॅनव्हासकडे बघू. कबुलीच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्यावरच्या रंगाचा एक कणही हललेला नव्हता. येशूचा चेहरा तोच, भाकरीवरचा उजेड तोच. तरी काल जे अलौकिक होतं ते आज हास्यास्पद ठरलं. ‘तज्ज्ञ फसले’ म्हणून ही गोष्ट नेहमी सांगितली जाते आणि ऐकणारा मनातल्या मनात सुखावतो. मला त्यातलं दुसरंच काही खुणावतं. ब्रेडियसांचा आनंद खोटा नव्हता. आयुष्यभर ज्याची चित्रं अभ्यासली त्या माणसाचं एक हरवलेलं चित्र म्हातारपणी हाती लागल्याचा तो आनंद होता. पाकीट खरं होतं, आतलं पत्रही खरं होतं. पत्ता तेवढा चुकीचा पडला होता.

सौंदर्य आणि मूल्य ठरवताना आपण भावनेच्या आहारी जातो, असं आपण तक्रारीच्या सुरात म्हणतो. जणू आत कुठेतरी एक स्वच्छ, कोरडा तराजू आहे आणि भावना येऊन त्याच्या पारड्यावर बोट ठेवते. गेल्या काही दशकांतलं मेंदूविज्ञान आणि मानसशास्त्र वेगळंच सांगतं. भावनेचं बोट काढून घेतलं तर तराजू अचूक होत नाही, तो बंद पडतो.

याचा सर्वात चटका लावणारा पुरावा अंतोनियो दामासिओ या मेंदूतज्ज्ञाने १९९४ मध्ये लिहून ठेवला. त्याने ज्याला एलियट हे नाव दिलं तो रुग्ण तिशीतला, चांगल्या नोकरीतला, संसारी माणूस. मेंदूच्या पुढच्या भागाला दाबणारी एक गाठ शस्त्रक्रियेने काढावी लागली आणि तिच्यासोबत कपाळामागचा, डोळ्यांच्या खोबण्यांवरचा काही भागही गेला. नंतरच्या चाचण्यांत बुद्ध्यांक चांगला, स्मरणशक्ती शाबूत, भाषा आणि गणितही ठीक. पण कामावर गेल्यावर कागदपत्रांची वर्गवारी करायची म्हटलं, की ती तारखेनुसार करावी की विषयानुसार, यावर तो अख्खी दुपार घालवी. नोकरी गेली, पैसे भलत्या व्यवहारात बुडाले, लग्न मोडलं. हे सगळं तो दामासिओला सांगे ते दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तसं. आग लागलेली घरं, जखमी माणसं यांची चित्रं दाखवली तेव्हा त्यानेच सांगितलं, की पूर्वी यांनी माझ्या मनात कालवाकालव झाली असती, आता काहीच होत नाही.

तशाच इजेच्या दुसऱ्या एका रुग्णाला दामासिओने पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या. त्या माणसाने वही काढली आणि जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांची बाजू मांडली. आधीची कामं, जवळच्या दुसऱ्या भेटी, हवामान कसं असेल, सगळं. ऐकणाऱ्यांचा जीव टांगणीला लागला. शेवटी दामासिओ शांतपणे म्हणाला, दुसऱ्या तारखेला या. त्यावर तो लगेच ‘ठीक आहे’ म्हणाला आणि वही मिटून निघाला. त्याच्या तर्कात कुठेही खोट नव्हती. फक्त ‘पुरे आता, हे बरं वाटतंय’ असं सांगणारं आतलं कुणीतरी गप्प झालं होतं.

दामासिओच्या गटाने यावर पत्त्यांचा एक खेळ बेतला. पत्त्यांचे चार गठ्ठे ठेवायचे. दोन गठ्ठ्यांत दर पानाला १०० डॉलर मिळतात, पण मधूनच मोठा दंड बसतो आणि दहा पानांमागे २५० चा तोटा होतो. उरलेल्या दोनांत मिळतात ५० च, दंड मात्र किरकोळ, त्यामुळे दहा पानांमागे २५० चा फायदा. पैसे खोटे, खेळ खरा. निरोगी माणसं हळूहळू फायद्याच्या गठ्ठ्यांकडे वळतात. गंमत ही, की वाईट गठ्ठ्याकडे हात जाण्याआधीच त्यांच्या तळव्यांना सूक्ष्म घाम सुटू लागतो आणि १९९७ च्या प्रयोगात ‘यात काहीतरी गोम आहे’ हे तोंडाने सांगता येण्यापूर्वीच तो सुटत होता. ज्यांच्या मेंदूच्या त्या भागाला इजा झाली होती त्यांना हा घाम सुटला नाही आणि ते तोट्याच्या गठ्ठ्यांतून पानं उचलत राहिले. पुढे काही संशोधकांनी बारकाईने प्रश्न विचारून दाखवलं, की खेळाडूंना आपण समजतो त्यापेक्षा बरंच आधी कळलेलं असतं. म्हणजे ‘शरीराला आधी कळतं, मनाला नंतर’ हे वाक्य जितकं झोकात सांगितलं जातं तितकं पक्कं नाही. पण भावनेविना निवड कोसळते, हा मूळ मुद्दा त्याने हलत नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकातच बुद्धीला भावनांची दासी म्हटलं होतं. त्याच्या हाताशी ना मेंदूची छायाचित्रं होती, ना घाम मोजायची यंत्रं.

तर भावना हे मोजमापाचं यंत्रच आहे, असं धरून चालू. मग अडचण सुरू होते, कारण हे यंत्र आकडा दाखवतं, पण तो कशाचा आहे हे सांगत नाही.

माझाच एक मूर्खपणा सांगतो. एक गाणं मला अतोनात आवडायचं. रोज सकाळी उठताना तेच कानावर पडावं म्हणून ते मी फोनच्या गजरावर लावलं. महिनाभरात अशी अवस्था झाली, की दुसऱ्या कुणाच्या फोनवर त्याचे पहिले दोन सूर वाजले तरी पोटात गोळा येई. अर्धवट झोपेची चिडचिड आणि उठायची धास्ती सगळी त्या बिचाऱ्या सुरांच्या नावावर जमा झाली होती. गजर बदलून कित्येक वर्षं झाली, तरी ते गाणं मला परत मिळालेलं नाही.

नॉर्बर्ट श्वार्त्स आणि जेराल्ड क्लोर यांनी १९८३ मध्ये हाच घोळ पद्धतशीरपणे पकडला. त्यांनी लोकांना फोन करून एकूण आयुष्याबद्दल किती समाधानी आहात, असं विचारलं. काहींना लख्ख उन्हाच्या दिवशी, काहींना पावसाळी दिवशी. उन्हात फोन आलेल्यांना आपलं अवघं आयुष्य जरा बरं वाटलं. पण फोन करणाऱ्याने सुरुवातीलाच ‘तिकडे हवा कशी आहे?’ असं सहज विचारलं, की हा फरक नाहीसा होई. उदासी होतीच, पण तिचा खरा पत्ता सापडल्यावर लोकांनी ती आयुष्याच्या खात्यातून काढून पावसाच्या खात्यात टाकली. पुढे फार मोठ्या पाहण्यांमध्ये हवामानाचा असा परिणाम नगण्य दिसला, तेव्हा पावसाला फार दोष द्यायला नको. मला त्या प्रयोगातली दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. कारण नुसतं दाखवून दिल्याने मत बदलतं.

कॅनडात व्हँकूव्हरजवळ कॅपिलानो नदीवर एक झुलता पूल आहे. सुमारे ४५० फूट लांब, २३० फूट उंच, पाऊल टाकलं की हलणारा. डोनाल्ड डटन आणि आर्थर एरन यांनी १९७४ मध्ये तिथे एका तरुणीला उभं केलं. पुलावर आलेल्या तरुणांकडून ती एक छोटी प्रश्नावली भरून घेई आणि कागदाचा कोपरा फाडून त्यावर आपला फोन नंबर लिहून देई, प्रयोगाविषयी अधिक माहिती हवी असली तर. जवळच दुसरा एक भक्कम, ठेंगणा पूल होता. तिथेही तिने तेच केलं. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर फोन केला, भक्कम पुलावरच्या १६ पैकी फक्त दोघांनी. छातीतली धडधड खोलीच्या भीतीची होती, पण समोर हसणारा चेहरा असल्यावर ती चेहऱ्याच्या नावावर गेली. शंका घ्यायला जागा आहेच. झुलत्या पुलावर मुळात धाडसी तरुणच जात असतील तर? ही शंका प्रयोगकर्त्यांनाही आली होती. म्हणून त्यांनी नंतर त्याच पुलावरून आलेल्या, पण दहा मिनिटं विसावलेल्या तरुणांशी तुलना केली. धडधड ओसरल्यावर आकर्षणही ओसरलेलं दिसलं.

काही भावना इतक्या बारीक असतात, की त्यांना भावना म्हणावं की नाही असा प्रश्न पडतो. ओळखीचं काही दिसल्यावर मन जे किंचित सैल पडतं ती त्यातलीच एक. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं, की अर्थ न कळणारे शब्द, परकी अक्षरं, अनोळखी चेहरे नुसते पुन्हा पुन्हा दाखवले तरी लोकांना ते आवडू लागतात. १९८० चा प्रयोग त्याहून अजब होता. वेडेवाकडे अष्टकोन पडद्यावर एका मिलिसेकंदापुरते चमकवले. इतक्या वेळात दिसत काहीच नाही. नंतर त्यांची नव्या आकृत्यांशी जोडी लावून ‘यातली कोणती आधी पाहिली?’ असं विचारलं, तेव्हा उत्तरं नाणं उडवल्यासारखी आली, निम्मी चूक. ‘यातली कोणती आवडते?’ असं विचारल्यावर मात्र साठ टक्के वेळा आधी चमकवलेलीच निवडली गेली. ओळख पटली नव्हती आणि आवड मात्र जडली होती. पुढे चेहऱ्याच्या स्नायूंवर विद्युत्‌पट्ट्या लावून पाहिलं तेव्हा असंही आढळलं, की मेंदूला सहज वाचता येणारं चित्र समोर आलं, की हसताना वर ओढला जाणारा गालाचा स्नायू किंचित ताणला जातो. ते हसू आरशात दिसणार नाही, पण यंत्राला दिसतं.

एवढ्यावरून ‘सौंदर्य म्हणजे निव्वळ सवय’ असं म्हणायचा मोह होतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स कटिंग यांनी विद्यार्थ्यांना फारशी माहीत नसलेली इम्प्रेशनिस्ट चित्रं वर्गात अधूनमधून दाखवली आणि सत्र संपताना त्याच चित्रांकडे कल झुकला, तेव्हा अनेकांनी तो निष्कर्ष काढलाही. मला मात्र २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या काही संशोधकांनी घेतलेला उलटतपास फार आवडतो. त्यांनी तोच प्रयोग दोन चित्रकारांवर केला. एक जॉन एव्हरेट मिले, एकोणिसाव्या शतकातला मान्यवर. दुसरा टॉमस किंकेड, उजळलेल्या खिडक्यांच्या गोडगोड झोपड्या काढून अफाट खपलेला. मिलेची चित्रं वारंवार पाहून आवड फारशी हलली नाही. किंकेडची जितक्या वेळा पाहिली तितकी ती नावडती होत गेली. म्हणजे ओळख वाढते तसा जिव्हाळा वाढतो हे खरं, पण वारंवार पाहताना चित्रातलं काहीतरीही आपल्याला दिसत जातं. अभिरुचीला हा एवढा तरी आधार आहे, याचं मला बरं वाटतं.

मेंदूच्या आत डोकावलं तर काय दिसतं? पुन्हा तोच डोळ्यांच्या खोबण्यांवरचा प्रदेश, ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स. लंडनच्या सेमिर झेकी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये चित्रांवर, २०११ मध्ये चित्रं आणि संगीत दोन्हींवर आणि २०१४ मध्ये चक्क गणिती समीकरणांवर हा शोध घेतला. शेवटच्या प्रयोगात १५ गणितज्ञांना ६० समीकरणं दिली आणि सुंदर ते कुरूप अशी श्रेणी लावायला सांगितलं. समीकरण जितकं सुंदर वाटलं तितकी त्या प्रदेशाच्या मधल्या भागात हालचाल जास्त. चित्र असो, सूर असोत, की आकडे. सर्वांत सुंदर ठरलं ऑयलरचं समीकरण, ज्यात शून्य, एक, पाय, ई आणि काल्पनिक एकक असे गणितातले पाच मानकरी एका ओळीत बसतात. आणि सर्वांत कुरूप? श्रीनिवास रामानुजन यांची पायच्या व्यस्तासाठीची अनंत श्रेणी. तिच्यात ११०३ आणि २६३९० असले आकडे कुठून आले हे बघणाऱ्याला कळत नाही. तीच श्रेणी इतक्या झपाट्याने उत्तराजवळ जाते, की तिचं पहिलं पदच पायचे सहा दशांश अचूक देतं. ज्याने ती हुडकली त्याला ती कुरूप वाटली असेल, यावर माझा काडीचा विश्वास नाही.

मेंदूचा तोच भाग पैशाच्या हिशेबातही जागा होतो, आणि नुसत्या माहितीनेही. २००८ च्या एका प्रयोगात मेंदूची चित्रं घेणाऱ्या यंत्रात पडून असलेल्या लोकांना नळीतून वाइन देण्यात आली. वाइन एकच, पण एकदा ती ९० डॉलरची म्हणून सांगितली, एकदा १० डॉलरची. महाग म्हटल्यावर लोकांनी ती जास्त चांगली असल्याचं सांगितलंच, शिवाय त्या प्रदेशातली हालचालही वाढली. दिखाव्यासाठी कुणी खोटं बोलत नव्हतं, निदान मेंदू तरी तशी साक्ष देत नाही. जिभेवरचा अनुभवच बदलला होता. ब्रेडियसांच्या बाबतीत ‘व्हर्मीर’ ही सही म्हणजे ९० डॉलरचं लेबल होतं, असं म्हणता येईल का? बहुधा येईल.

मेंदूच्या रंगीत चित्रांनी मी एकदम भारावून जात नाही. अमुक भाग उजळला म्हणजे सौंदर्य उलगडलं, असं होत नाही. पण कळ दाबल्यावर दिवा लागतो का, हे बघणारे प्रयोग वेगळे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७ जणांना वेगवेगळ्या दिवशी तीन गोळ्या दिल्या. एक डोपामाइन हे मेंदूतलं रसायन वाढवणारी, एक त्याचं काम रोखणारी, एक निव्वळ खोटी. मग त्यांना गाणी ऐकवली आणि ती मिळवायला स्वतःच्या खिशातून किती पैसे द्याल, असं विचारलं. डोपामाइन वाढलेलं असताना अंगावर काटाही जास्त आला आणि बोलीही चढली. रोखलेलं असताना दोन्ही घसरलं. गाणं तेच होतं आणि ऐकणारेही तेच होते. पोटातल्या एका गोळीने सुरांचा आनंद आणि त्यांचा भाव एकदमच हलले.

पैशाचा विषय निघालाच आहे तर उदासीबद्दलही बोलू. डॅनियल कानेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी कॉफीच्या मगांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. हातात आलेला मग विकायला माणूस साधारण दुप्पट किंमत मागतो, कारण जवळचं जाण्याची बोच मिळण्याच्या सुखापेक्षा मोठी असते. २००४ मध्ये जेनिफर लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच सौद्याआधी लोकांना चित्रफिती दाखवल्या. किळस आणणारी फीत पाहिलेल्यांनी हातातली वस्तू स्वस्तात काढली आणि नवी घ्यायलाही ते फारसे उत्सुक नव्हते. जणू घाण वस्तूलाच लागली होती. दुःखी फीत पाहिलेल्यांचं गणित उलटंच झालं. असलेलं कमी पैशांत द्यायला तयार, नवं मिळवायला जास्त मोजायला तयार. उदास माणसाला बदल हवा असतो. मात्र आपल्या बोलीवर त्या फितीचा काही परिणाम झाला, असं सहभागींना वाटत नव्हतं.

याच यंत्राचा आणखी एक दोष आकड्यांपुढे उघडा पडतो. तेलाच्या तळ्यांत बुडून मरणारे स्थलांतरित पक्षी वाचवायला किती पैसे द्याल, असं अमेरिकेतल्या तीन गटांना विचारलं. एका गटाला पक्ष्यांची संख्या २ हजार सांगितली, दुसऱ्याला २० हजार, तिसऱ्याला २ लाख. सरासरी उत्तरं आली ८०, ७८ आणि ८८ डॉलर. तेलाने माखलेला, पंख न उचलता येणारा एक पक्षी डोळ्यांसमोर आला, गलबललं आणि त्या गलबलण्याची किंमत लावली गेली. त्याला शंभराने गुणायची सोय मनात नाही.

वस्तूचा इतिहास हेही असंच न दिसणारं लेबल. जॉन केनेडींच्या घरातली एक साधी मोजपट्टी १९९६ च्या लिलावात ४८,८७५ डॉलरना गेली. याला खुळचटपणा म्हणून सोडून देता आलं असतं, पण ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी २००८ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग तसं करू देत नाही. त्यांनी दिवे आणि कळा लावलेल्या दोन पेट्या ठेवल्या. एकीत वस्तू ठेवली, की थोड्या वेळाने दुसरीतून हुबेहूब तशीच दुसरी निघायची (मागे लपलेला माणूस ती आत सरकवायचा). साधं खेळणं असलं, की मुलं खुशाल नवी प्रत उचलत. पण ज्याला कुशीत घेतल्याशिवाय झोप येत नाही ते भालू किंवा ती चिंधी आणायला सांगितली, तेव्हा काही मुलांनी ती पेटीत ठेवायलाच नकार दिला. ठेवली त्यांतल्या बहुतेकांनी आपली जुनीच परत मागितली. अस्सल आणि नक्कल यातला फरक या मुलांना कुठल्याही कलासमीक्षकाने शिकवला नव्हता.

आणि भीती, शोक, किळस? या तर नकोशा भावना. तरी रडवणाऱ्या नाटकाला आपण पुन्हा जातो. या कोड्याला हात घालताना आजचे संशोधक नकळत आपल्या जुन्या वाटेवर येतात. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस मांडले, त्यांत करुण, भयानक आणि बीभत्सही आहेत. भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना दिली. रंगमंचावरचा शोक ना माझा, ना त्या नटाचा, ना कुणा ठरावीक माणसाचा. सुमारे हजार वर्षांपूर्वी अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या आड येणाऱ्या विघ्नांची यादी केली, त्यात प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणं हे एक विघ्न आहे. आपल्या भाषेत सांगायचं, तर नाट्यगृहात भावनेच्या पाकिटावर पत्ताच लिहिलेला नसतो. ती कुठे पोचवायची नसते, म्हणून ती हातात धरून निवांत न्याहाळता येते. फ्रँकफर्टच्या मॅक्स प्लांक संस्थेतले विनफ्रीड मेनिंगहाउस आणि सहकारी यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात हीच दोन टोकं आहेत. ‘हे कलेतलं आहे’ या जाणिवेने मिळणारं अंतर, आणि त्या अंतरामुळे नकोशा भावनेलाही मिठी मारण्याची मुभा. त्यांच्याकडे मोजमापं आहेत. पण रसाची व्याख्या मला अजून तरी अभिनवगुप्ताचीच जास्त नेमकी वाटते.

इतकं वाचून कुणी ठरवेल, की यापुढे आवडीनिवडीची कारणं तपासूनच निर्णय घ्यायचा. टिमोथी विल्सन यांनी १९९३ मध्ये ते करून पाहिलं. विद्यार्थिनींना एक पोस्टर घरी न्यायला सांगितलं. काही पोस्टरं नामवंत चित्रांची, काही मजकुरासह विनोदी छायाचित्रांची. निम्म्या जणींना आधी आपल्या आवडीची कारणं लिहून काढायला लावली. कारणं लिहिणाऱ्यांचा कल विनोदी पोस्टरांकडे गेला, कारण त्यांच्याबद्दल चार वाक्यं लिहिणं सोपं. निळ्या-जांभळ्या पाण्यावरच्या कमळांबद्दल काय लिहिणार? काही आठवड्यांनी फोन करून विचारलं तेव्हा, ज्यांनी काहीच न लिहिता उचललं होतं त्या आपल्या पोस्टरवर जास्त खूश निघाल्या.

व्हान मेगेरेनचं ते एमाउस अजूनही बॉयमन्स संग्रहालयाच्या संग्रहात आहे. आता त्याकडे पाहताना, हे व्हर्मीर म्हणून कुणी कसं खपवून घेतलं, याचंच नवल वाटतं. जडावलेल्या पापण्या, खोल गेलेले डोळे, गालांखाली साचलेली सावली. सतराव्या शतकातल्या डच चित्रांत अशी माणसं सापडत नाहीत. १९३० च्या दशकातल्या चित्रपटतारकांच्या छायाचित्रांत सापडतात. अनेकांना त्यांत ग्रेटा गार्बोची छाया दिसली आहे. ज्या साली ते चित्र प्रकट झालं तेव्हा तो चेहरा चित्रपटगृहांच्या भिंतींवर, मासिकांच्या मुखपृष्ठांवर, जिकडेतिकडे होता. डोळ्यांना तो इतका सरावाचा होता, की वेगळा दिसलाच नाही. दिसला तो फक्त कुठूनतरी ओळखीचा, जवळचा. ब्रेडियस त्या चित्रापुढे उभे होते तेव्हा त्यांच्या गालाचा स्नायू मोजायला कुणी नव्हतं.